ऑस्ट्रॅकॉड ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात हिप्परगा तलावाच्या काठचं किंवा नान्नजच्या माळावरच्या डबक्यातलं पाणी पांढऱ्या ताटलीत ओता. मोहरीहूनही बारीक, हिरवट-तपकिरी ठिपके तळाशी सरसर पळू लागले, तर ते बहुधा ऑस्ट्रॅकॉड असतात. दोन झडपांच्या कवचात राहणारे हे कवचधारी जीव सोलापूरकडे मुबलक आहेत, पण त्यांची नावं मात्र घाईत लावली जातात.

पहिली चूक फॉर्मालिनची, म्हणजे नमुने टिकवायच्या द्रावणाची. प्रयोगशाळेत ते हाताशी असतं म्हणून नमुना त्यातच बुडवला जातो. फॉर्मालिन हळूहळू आम्लधर्मी होतं आणि कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं. ते आधी पांढुरकं पडतं, मग मऊ होतं, शेवटी विरघळून जातं. ७० टक्के अल्कोहोल वापरा.

दिसायला जवळचे जीवही चकवतात. डॅफ्निया टुणटुण उड्या मारत पोहतो. क्लॅम श्रिंपच्या कवचावर वाढीच्या वर्तुळाकार रेषा असतात, ऑस्ट्रॅकॉडच्या कवचावर त्या नसतात, कारण तो दर वेळी कात टाकून नवं कवच घालतो.

या कात टाकण्यातच मोठा घोटाळा होतो. गोड्या पाण्यातले बहुतेक ऑस्ट्रॅकॉड प्रौढ होईपर्यंत आठ वेळा कात टाकतात. एकाच डबक्यात लहान-मोठे, वेगवेगळ्या आकाराचे दिसले की लगेच दोन-तीन जाती मोजू नका. पिल्लांचं कवच वेगळ्या आकाराचं असतं, काही पायही पूर्ण फुटलेले नसतात. ओळख पटवायची ती प्रौढावरूनच.

नुसत्या कवचावरून जातीचं नाव देणं, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. सिप्रिस सबग्लोबोसा हे एका ऑस्ट्रॅकॉड जातीचं नाव निसर्गअभ्यासक सॉवर्बी यांनी १८४० मध्ये दख्खनच्या बेसॉल्ट प्रदेशातल्या जीवाश्मांना दिलं. पुढे तेच नाव जिवंत प्राण्यांनाही लागलं, पण जीवाश्मात पाय कुठून तपासणार? जिवंत नमुना हाती असताना तरी ग्लिसरीनच्या थेंबात बारीक सुयांनी उघडा. शृंगिका (डोक्यावरच्या मिशा), पाय, शेपटीकडचा काटेरी भाग आणि नर मिळाला तर त्याचं जननेंद्रिय पाहा. काही जातींत माद्याच सापडतात, त्यामुळे नराची वाट पाहत अडून राहू नका. झडपांची डावी-उजवी बाजू मात्र नीट ठरवा: हेटरोसिप्रिस या ऑस्ट्रॅकॉडच्या गटात डावी झडप मोठी असते आणि उजवीच्या कडेला बारीक उंचवटे असतात, हेमिसिप्रिस या दुसऱ्या गटात नेमकं उलट.

अधिवासाच्या रकान्यात नुसतं ‘सिद्धेश्वर तलाव’ लिहून काही कळत नाही. पाणवनस्पतींत जाळं फिरवलं की वरचा सेंटीमीटरभर गाळ खरवडला, हे लिहा आणि दोन्ही नमुने वेगळे ठेवा. दुसऱ्या शृंगिकेवर लांब केस असलेले ऑस्ट्रॅकॉड पोहतात. ज्यांना ते केस नसतात किंवा अगदी आखूड असतात, ते गाळातच सरपटतात. एकाच बाटलीत सगळं मिसळलं की हा फरकच पुसला जातो. पाणी वर्षभर टिकतं की दिवाळीनंतर आटतं, हेही नोंदवा.

आणि डबकं आटलं म्हणून ते यादीतून काढू नका. कित्येक जातींची अंडी सुक्या गाळात तग धरतात. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ सार्स यांनी दूरदेशीहून आलेला वाळलेला गाळ भिजवून त्यातून ऑस्ट्रॅकॉड वाढवले होते. मे महिन्यात भेगाळलेल्या काळ्या मातीचा वरचा थर कागदी पिशवीत भरा, ठिकाण आणि तारीख लिहा, घरी क्लोरीन नसलेल्या पाण्यात भिजवा, वर फडकं बांधा आणि रोज पाहत राहा.