कोकणातलं बंद घर कलाकारांसाठी उघडायचंय? मग कौलांपासून सुरुवात करा

आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे चित्रकार, नाटकवाले, कोणीही महिनाभर गावात येऊन राहणार आणि तिथेच काम करणार. आयडिया मस्त आहे, पण लोक सुरुवात इन्स्टाग्राम पेजपासून करतात आणि लोगो फायनल होईपर्यंत इकडे माजघराचं छप्पर खाली आलेलं असतं.

पहिलं काम कागदाचं. सातबारा आणि ग्रामपंचायतीतला घराचा उतारा दोन्ही काढा. घर अजून आजोबांच्या नावावर असणार, खाली पंधरा वारस, एक डोंबिवलीत तर एक दुबईत. सगळे गणपतीत भेटतात तेव्हाच सह्या घ्या, आरती झाल्यावर पण पत्त्यांचा डाव बसायच्या आधी, नंतर कोणी ऐकत नाही. घर हातचं जाईल ही भीती प्रत्येकाला असते, म्हणून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, तो रजिस्टर करा (महाराष्ट्रात करावाच लागतो) आणि गणपती-शिमग्याला घर घरच्यांचंच असं त्यात लिहून टाका.

मग छप्पर. कौलं उतरवून धुवा, फुटकी बदला, पण खरी गोम वाशांत असते. स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, लोण्यासारखा आत गेला तर वाळवीने आतून पोखरलाय, वरून ऑइलपेंट कितीही चकचकीत दिसू दे. चिऱ्याच्या भिंतीला सिमेंट प्लास्टर नको, ओल आत अडकते आणि पोपडे सुटतात. चुना वापरा. गवंडी म्हणेल सिमेंटच मजबूत, त्याला हो म्हणा आणि चुनाच आणा. हे सगळं मेच्या आत, आणि कलाकार बोलवायचे ते थेट नोव्हेंबरपासून.

छपराची कौलं झाली की देवाचा कौल, म्हणजे ग्रामदेवतेची परवानगी. गावकर-मानकऱ्यांशी (देवळाचा मान असलेली गावातली घराणी) बोलल्याशिवाय काही चालू करू नका. जेवण शेजारच्या घरातून किंवा बचत गटाकडून घ्या, रेट आधी ठरवा आणि पैसे दर आठवड्याला द्या. कलाकाराला आतल्या खोलीत कोंडू नका, पडवीत बसवा, म्हणजे शाळेतून येणारी पोरं आपोआप थांबतात. आणि शिकवायला फक्त शहरातलाच का? सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला परशुराम गंगावणे (पद्मश्री २०२१) यांनी आपल्या गोठ्याचंच म्युझियम केलं, ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात.

घराऐवजी बंद पडलेली शाळा हाताशी असेल तर इमारत जिल्हा परिषदेची असते, ग्रामसभेचा ठराव घेऊनच अर्ज करा. जपानात निगातामधल्या तोकामाचीच्या डोंगरात असं झालंय, बंद शाळेत १९८२ मध्ये भारतीय लोकचित्रांचं मिथिला म्युझियम सुरू झालं आणि आपल्या डहाणूकडचे जिव्या सोमा मशे तिथे राहून वारली चित्रं काढून आले! त्याच भागात २०००पासून एचिगो-त्सुमारी कला महोत्सव भरतो, रिकामी घरं आणि शाळा त्यात वापरतात, गावातली म्हातारी माणसंसुद्धा कामाला हात लावतात.

कलाकार गेले की कुलूप घालून मोकळे होऊ नका. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवा, पावसात आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडून चूल पेटवायला सांगा, वासे कोरडे राहतात. त्याचे पैसेही बजेटमध्ये धरा, काकू मागणार नाहीत तरी.