अंदाजपत्रकाआधी गावाचे ऐकावे : जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेची दुरुस्ती

जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळेची दुरुस्ती करायची ठरली की गावात पहिली चर्चा होते ती रंगाची आणि दुसरी वर्गणीची. खरे तर या दोन्ही गोष्टी शेवटी येतात. लोकांना विचारण्याची वेळ दुरुस्तीच्या कामांचे आणि खर्चाचे अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वीची असते. एकदा त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाली की त्यात न आलेले काम पुढे घुसवणे फार अवघड जाते.

म्हणून पाहणी पावसाळ्यात करावी. दगडी भिंती, सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौले अशा धाटणीच्या इमारतीचे दुखणे बहुतेक वेळा पाण्याचे असते. सलग पावसाच्या दिवशी प्रत्येक खोलीत उभे राहून पाणी कोठून येते, भिंतीची ओल जोत्याकडून वर चढते की आढ्याकडून खाली उतरते, हे साध्या हाती काढलेल्या नकाशावर तारखेसह नोंदवावे. ओल खालून चढत असेल तर कौले बदलून काहीही साधत नाही. अशा वेळी पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरते का, आणि समोरचा रस्ता थरावर थर चढून शाळेच्या जोत्यापेक्षा उंच झाला आहे का, हे पाहावे. ही माहिती कोणत्याही फाइलीत सापडत नाही. ती पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, शेजारच्या घरातील आजोबांना आणि सर्वांत जास्त मुलांना असते. पाऊस आला की कोठे बसायचे नाही, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. भिंतीला तडा असेल तर त्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने आडवी चिकटवून तारीख लिहावी. काही महिन्यांत ती फुटली तर भिंत अजून हलते आहे असे समजून अभियंत्याला कळवावे.

इमारत मजबूत आहे की नाही हा मात्र बहुमताचा विषय नाही. बांधकाम विभागाकडून संरचनात्मक तपासणी लेखी मागावी, आणि खोली धोकादायक ठरली तर निर्लेखनाच्या, म्हणजे ती वापरातून कायमची काढून टाकण्याच्या, मंजुरीची वाट न पाहता ती त्याच दिवशी कुलूपबंद करावी. राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे जुलै 2025 मध्ये शाळेची इमारत कोसळून सात मुले दगावली. वरून खडे पडत असल्याचे मुलांनी आधी सांगितले होते, असे त्या वेळच्या बातम्यांत आले होते. मुलांचे ऐकावे ते याही कारणासाठी.

शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, आणि शाळा विकास आराखडा करण्याचे काम याच समितीचे असते. परंतु समितीची एक बैठक आणि रजिस्टरवरच्या सह्या म्हणजे लोकसहभाग नव्हे. मजुरीला जाणारे पालक दुपारी येऊ शकत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी वस्तीवर जावे. ‘काय हवे?’ असे विचारले तर कमान, फाटक आणि रेल्वेच्या डब्यासारख्या रंगवलेल्या भिंती, अशी उत्तरे येतात. त्याऐवजी ‘मूल शाळेत कशाला घाबरते, कोठे पडते, पाणी कोठे पिते?’ असे विचारावे. स्वच्छतागृहाचा विषय महिलांच्या ग्रामसभेत घ्यावा, आणि मोठ्या मुलींशी शिक्षिकेने स्वतंत्र बोलावे. आतून लागणारी कडी, नळाला येणारे पाणी आणि बाहेरून डोकावता येणार नाही इतकी उंच खिडकी, या तीन गोष्टी अंदाजपत्रकात बहुधा तिथूनच येतात.

यानंतर शाखा अभियंत्यासोबत बसून प्रत्येक बाब समितीसमोर मोठ्याने वाचून घ्यावी. चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा धरला असेल तर हरकत नोंदवावी, कारण तो ओल आत कोंडतो आणि काही वर्षांत फुगून सुटतो. कौले उतरवण्यापूर्वी सागवानी वासे आणि तुळया मोजून त्यांची नोंद ठेवावी. न मोजलेले सागवान एका रात्रीत ‘सडलेले’ निघते.

पैसा समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती, ग्रामपंचायत किंवा एखाद्या कंपनीचा सामाजिक दायित्व निधी, असा कोठूनही येऊ शकतो. लोकवर्गणी ऐच्छिक आणि पावती देऊनच घ्यावी. श्रमदान गटार खोदणे, उतरवलेली कौले जमिनीवर रचणे इतक्यापुरतेच ठेवावे. छपरावर गावकऱ्यांनी चढू नये.

काम उन्हाळी सुट्टीत उरकले नाही तर वर्ग दुसरीकडे भरवावे लागतात. त्यासाठी जागा निवडताना प्रत्येक समाजाचे मूल जिथे बिनदिक्कत जाईल अशीच निवडावी. प्रत्येक गावात देवळाचा सभामंडप तशी जागा असतोच असे नाही. काम चालू असताना दोन पालकांनी रोज सिमेंटच्या गोण्या मोजाव्यात आणि काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारले जाते का ते पाहावे. उताराच्या रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी लागते. ती टेपने मोजावीच, पण चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला त्यावरून प्रत्यक्ष जायला सांगावे.

दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, किती आहे हे करारातून आधीच लिहून घ्यावे. पहिल्या मोठ्या पावसात तोच जुना नकाशा हाती घेऊन त्याच खोल्यांत पुन्हा उभे राहावे, आणि जे गळेल ते त्याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्यावी.