फ्लोरेन्सच्या जुन्या वाड्यात उतरताय? या चुका टाळा

छतावर भित्तिचित्रं, भिंतींवर तैलचित्रं, फोटो बघूनच बुकिंग करावंसं वाटतं. पण फ्लोरेन्समधलं असं गेस्टहाउस म्हणजे बऱ्याचदा जुन्या वाड्यातला एखादा मजला असतो. हॉटेलच्या सवयीने तिथे गेलात की घोळ सुरू.

पहिला घोळ पत्त्याचा. इथे एकाच रस्त्यावर घरक्रमांकांच्या दोन रांगा चालतात: दुकानांना लाल, राहत्या घरांना निळे किंवा काळे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. २५ नंबर शोधत गेलात आणि समोर चामड्याच्या पिशव्यांचं दुकान दिसलं, तर तो लाल २५. तुमचं दार त्याच रस्त्यावर बरंच लांब असू शकतं. लिहिलेल्या पत्त्यात लाल क्रमांकापुढे ‘आर’ हे रोमन अक्षर असतं. मोठी पाटी शोधू नका, बेलच्या बटणाशेजारची नावं वाचा. लिफ्ट आहे का, हे बुकिंगआधीच विचारा. उंच छतांमुळे एकेका मजल्याचे जिनेही लांबलचक असतात.

भाड्याची गाडी घेऊन थेट दारापर्यंत जाऊ नका. जुन्या शहरात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि दंडाची नोटीस कधी कधी काही महिन्यांनी घरी येते. सामान उतरवण्यापुरती परवानगी मिळेल का, ते यजमानांना आधी विचारा.

रिसेप्शनवर रात्रभर कुणी असेलच असं नाही. ट्रेन उशिरा असेल तर तसा मेसेज करा. पासपोर्ट सगळ्यांचेच मागतात, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावीच लागते. त्यावरून वाद नको. शहराचा पर्यटन कर बहुधा भाड्यात धरलेला नसतो.

आता वीज. इटलीत घरगुती जोडणी साधारण ३ किलोवॅटचीच असते. चहाची किटली आणि हेअर ड्रायर एकदम लावलेत की अंधार! आधी दोन्ही बंद करा, मग खोलीतल्या किंवा पॅसेजमधल्या वीजपेटीतला खाली पडलेला मुख्य स्विच वर करून बघा. तरी वीज आली नाही, तर यजमानांना कळवा; मुख्य मीटर अनेकदा तळमजल्यावर असतो. (मॅगी किटलीत होते, फोडणीचा बेत मात्र चित्रांखाली नको.)

आणि बाथरूममध्ये शॉवरजवळ लोंबणारी दोरी गीझरची समजून ओढू नका, ती मदत मागवायची घंटा असते. चुकून ओढलीत, तर लगेच यजमानांना सांगा.