दहा गुंठ्यांत भाड्याचे वाफे: आखणी कशी करावी, दर कसा लावावा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधल्या माणसाला स्वतः पेरलेली मेथी खुडायची असते आणि मखमलाबाद, गिरणारेच्या बाजूला कुणाचे तरी दहा गुंठे नुसते पडून असतात. या दोघांची गाठ घालून देणं म्हणजे वाफे भाड्याने देणं. आमच्या मळ्यात हे करताना एक गोष्ट पहिल्याच उन्हाळ्यात कळली. लोक पैसे देतात ते पाण्याचे आणि राखणीचे. जमीन हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग.

आधी कागद. शेतजमीन दुसऱ्याला कसायला दिली की कसणाऱ्याला जमिनीवर हक्क देणारा १९४८ चा कूळ कायदा आठवावा लागतो. म्हणून 'भाडेपट्टा' नको. ठरावीक हंगामापुरती वाफा वापरण्याची परवानगी, ताबा मालकाकडेच, असा करार वकिलाकडून लिहून घ्या. ई-पीक पाहणीची, म्हणजे सातबाऱ्यावर चढणारी पिकाची नोंदही स्वतःच्याच नावाने करा.

मग शेजार पाहा. बांधापलीकडे द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्यांचा धडाका सुरू होतो. वाऱ्याबरोबर ते औषध तुमच्या पालकावर येणार आणि गिऱ्हाईक तर 'विषमुक्त भाजी' म्हणून आलेलं. त्या बाजूला दहा-पंधरा फूट मोकळी पट्टी सोडा, कडेने शेवरी किंवा हत्तीगवत लावा. शेजाऱ्याशी बोलून फवारणीचा दिवस आदल्या रात्री कळेल अशी सोय करा. आमच्याकडे हे बोलणं उशिरा झालं आणि एका ताईंची कोथिंबीर उपटून टाकावी लागली.

आखणी. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे दहा गुंठ्यांचे १०,८९०. सगळी जागा विकाऊ धरू नका. रस्ते, टाकी, अवजारांची खोली, गाड्या आणि ती मोकळी पट्टी यांत तिसरा हिस्सा जातो. उरतात १५ बाय २० फुटांचे २४ वाफे. प्रत्येकात अडीच फूट रुंदीचे चार गादीवाफे (उंच केलेले मातीचे पट्टे), मध्ये फूटभर वाट. गादीवाफा याहून रुंद केला तर नवखा माणूस निंदणीला हमखास आत पाय टाकतो. काळ्या जमिनीत जुलैमध्ये असा एक पाय पडला की ढेकूळ तयार.

पाणी. इथे हात आखडू नका. प्रत्येक गादीवाफ्यावर ठिबकच्या दोन नळ्या, दर ४० सेंटिमीटरवर तासाला दोन लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारा ड्रिपर. एका नळीवर पंधरा, वाफ्यात आठ नळ्या, म्हणजे १२० ड्रिपर आणि तासाला २४० लिटर. चोवीस वाफे एक तास चालले तर ५,७६० लिटर लागतात. हिवाळ्यात अर्धा तास पुरतो, उन्हाळ्यात पाऊण तास. म्हणजे पाच हजारांच्या टाकीत दिवस निभावतो. शेतीपंपाची वीज रात्री आली तर गड्याने टाकी भरून ठेवायची. वाफ्यागणिक वेगळा व्हॉल्व्ह बसवा, पण चावी गड्याकडेच. रविवारी सकाळी सगळे एकदम आले आणि जो तो आपला व्हॉल्व्ह फिरवू लागला की शेवटच्या रांगेत थेंबही पोचत नाही.

दर. चौरस फुटाने दर सांगण्याचा मोह टाळा. वर्षाचा खर्च मांडा. उदाहरणापुरते आकडे घेऊ:

कुंपण, टाकी, ठिबक, खोली मिळून २,४०,००० रुपये. पाच वर्षांत वाटले तर वर्षाला ४८,०००
गड्याचा पगार महिना १२,००० प्रमाणे १,४४,०००
शेणखत, बी, रोपं ३६,०००
वीज आणि दुरुस्ती २४,०००
तीच जमीन स्वतः पिकवली असती तर हाती आले असते ते ४०,०००

एकूण २,९२,०००. भागाकार २४ ने करू नका. मे महिन्यात लोक गावाला जातात, पावसात चिखलाला कंटाळतात. १८ वाफेच भरतील असं धरा. मग एका वाफ्याला वर्षाला साधारण १६,२०० पडतात, महिन्याला १,३५०. दर १,५०० ठेवला तर अठरा वाफ्यांवर वर्षाकाठी ३२,००० सुटतात. भरभराट नव्हे, पण तोटाही नाही. स्वस्तात दिलं की लोक येतात आणि महिन्याने यायचे थांबतात. वाफ्यात काँग्रेस गवत माजतं.

पैसे सहा महिन्यांचे आगाऊ घ्या, ९,००० रुपये, आणि सुरुवात ऑक्टोबरला करा. मेथी २५-३० दिवसांत हाती येते, नवख्याचा हुरूप टिकतो. जूनला पहिल्यांदा आलेला माणूस नुसतं तण उपटत बसतो.

करारात दोन ओळी न विसरता घाला. सलग तीन आठवडे कुणी फिरकलं नाही तर तयार भाजी गडी काढेल. आणि फाटक दिवस मावळायच्या आत बंद. नाशिकच्या या पट्ट्यात बिबट्या दिसणं नवं नाही, पोरंबाळं घेऊन आलेल्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा.