मालकाला न विचारता घर सुधारताय? आधी भोक बुजवायला शिका

अकरा महिन्यांचा करार, दोन-तीन भाड्यांएवढं डिपॉझिट आणि बेडरूमच्या खिडकीला पडद्याचा साधा रॉड नाही. मालकाला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "बघू, नंतर सांगतो." मग माणूस शेजाऱ्याकडून ड्रिल आणतो. त्यात मला काही गैर वाटत नाही. गैर आहे ते इंटरनेटवरच्या सल्ल्यांवर विसंबणं. एक पंथ सांगतो खिळासुद्धा ठोकू नका, दुसरा सांगतो काय हवं ते करा, जाताना भोकात टूथपेस्ट भरा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांनी घर सोडताना मालकासमोर उभं राहून भिंत दाखवलेली नसावी.

माझा नियम सोपा आहे. जे मला स्वतःच्या हाताने पूर्ववत करता येतं ते मी विचारत नाही. जे येत नाही ते लेखी विचारतो. बाकीच्याला हात लावत नाही.

कायद्याचं एकदाच सांगतो

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ नुसार मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर भाडेकरूला घराबाहेर काढता येतं. मात्र लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट अशी कामं, लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन केलेली, पक्क्या बांधकामात धरलेली नाहीत. एवढं वाचून लोक उड्या मारतात. थांबा. हे पागडीसारख्या जुन्या, खऱ्या अर्थाने भाडेकरू असलेल्या लोकांच्या उपयोगाचं आहे. एजंट लॅपटॉप घेऊन घरी आला आणि तुमचा अंगठा घेऊन गेला, तो करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा असतो, म्हणजे भाडेकरूपण नाही, ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी. तिथे ही ढाल पुढे करू नका. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदत संपली की घर सोडायचं, न सोडल्यास दुप्पट दराने पैसे भरायचे. तुमच्यासाठी खरा कायदा म्हणजे करारातलं ते कलम: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही बदल करणार नाही. ते किती कडक लिहिलंय ते वाचा. काही करारांत फक्त बांधकामातल्या बदलांना मनाई असते, काहींत खिळ्यालाही. दुसऱ्या प्रकारचा करार असेल तर पुढचं सगळं आपल्या जबाबदारीवर.

राहायला जाल त्या दिवशी

सामान आत यायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, खिडकीचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. आधीची भोकं जवळून दाखवा.

एक खोका बाजूला ठेवा. काढलेला शॉवर, जुना नळ, ट्यूबलाइट, पडद्याचे क्लॅम्प, सगळं त्यात, स्क्रूंसकट.

भोक न पाडता जे होतं ते

चिकटणारे हुक टाइल्सवर आणि काचेवर उत्तम धरतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावाल तर हुक पडेल आणि जाताना रंगाची खपली घेऊन जाईल. दुहेरी टेपचंही तेच. ‘भिंतीला इजा न करणारी’ असं पाकिटावर लिहिलेलं असतं, ते तुमच्या भिंतीने वाचलेलं नसतं.

डासांसाठी वेल्क्रोची जाळी अॅल्युमिनियमच्या चौकटीवर लावा. काढताना हेअर ड्रायरने पट्टी गरम करायची, राहिलेला चिकटा निलगिरी तेलाने पुसायचा. शॉवर आणि नळ बदलणं म्हणजे कॉक बंद करणं, टेफ्लॉन टेप गुंडाळणं आणि फिरवणं. ओट्यामागच्या टाइल्सवर स्टिकर चालतील, पण गॅसच्या लगेच मागे नको. कपाटांच्या जुन्या सनमायकावर मात्र स्टिकर लावू नका. ओल खाल्लेल्या प्लायवरून तो काढताना सनमायकाही सुटून येतो आणि त्याच डिझाइनचा तुकडा बाजारात मिळत नाही.

नवीन वायरिंग, गॅसच्या पाइपची हलवाहलव, बाथरूमची फरशी, बाहेरचं ग्रिल, यांना हात लावायचा नाही. एसीच्या पाइपसाठी भिंतीला दोन-अडीच इंचाचं आरपार भोक लागतं, ते विचारल्याशिवाय नको. मालक नाहीच म्हणाला तर सरकत्या खिडकीची एक काच काढून जपून ठेवा, तिच्या जागी अॅक्रिलिकचा पत्रा बसवा आणि पाइप त्यातून न्या.

भोक पाडणं

६ मिमीचा मेसनरी बिट, ६ मिमीचा प्लग (स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी), दीड इंच खोली. बिटवर तेवढ्या अंतरावर टेप गुंडाळा म्हणजे खोली कळते. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही ड्रिल करू नका, वायरची नळी तिथूनच जाते. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीतही नको, पाण्याचे पाइप असतात. टाइलला भोक पाडूच नका. भोक पडलेली टाइल भरता येत नाही आणि दहा वर्षांपूर्वीची टाइल कुठल्याच दुकानात नसते.

बाहेर पडणारी भुकटी नीट बघा, पुढे तिचाच उपयोग आहे. आधी राखाडी आणि मग लाल म्हणजे सिमेंटच्या गिलाव्यामागे वीट. सुरुवातीला खडूसारखी पांढरी म्हणजे वर जिप्समचा गिलावा. मऊ, फिकट भुकटी आणि बिट लोण्यात सुरी जावी तसा आत, म्हणजे सिपोरेक्सचा, हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. तिथे ड्रिलचा हॅमर मोड बंद करा आणि लांब प्लग वापरा. बिट अर्ध्या इंचावर अडला आणि नुसता तापत राहिला तर काँक्रीट. खिडकीच्या वर हे होणारच, कारण तिथे लिंटेल, म्हणजे काँक्रीटची आडवी तुळई आहे. मायवान पद्धतीच्या, साच्यात काँक्रीट ओतून उभारलेल्या नव्या टॉवरमध्ये तर सगळीच भिंत काँक्रीटची असते, तिथे घरगुती ड्रिलशी झटापट करण्यापेक्षा सोसायटीच्या सुताराला बोलवा.

आणि वेळ सांभाळा. मालकाला बातमी पोचते ती भोकामुळे नाही, आवाजामुळे. दुपारी दोन वाजता ड्रिल चालवाल तर वॉचमन, खालच्या काकू आणि सेक्रेटरी तिघेही आपापल्या परीने कळवतील.

भोक बुजवणं

इथे घाई करणाऱ्यांचं डिपॉझिट जातं. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते याच पायरीने. भोक भरणं सोपं असतं. भरलेली जागा दिसू न देणं अवघड.

आधी प्लग बाहेर काढा. प्लग आत ठेवून वर पुट्टी थापणारे रंगारी मी पाहिलेत. काही महिन्यांत तिथे गोल भेग उमटते. स्क्रू दोन-तीन आटे आत फिरवा, पक्कडीने स्क्रू धरून सरळ ओढा, प्लग त्याच्यासोबत येतो. तुटलाच तर उरलेला तुकडा खिळ्याने आत ढकला, भिंतीच्या पातळीपासून निदान अर्धा इंच.

मग ती पायरी, जी कोणी सांगत नाही. ड्रिल केल्यावर भोकाभोवती रंगाची आणि गिलाव्याची कड वर उचललेली असते. डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं की लागते. ती तशीच ठेवून कितीही सफाईने भरा, शेवटी टेंगूळच दिसणार. धारदार ब्लेडने ती कड आतल्या बाजूला उतरती कापा, म्हणजे भोकाचं तोंड बशीसारखं पसरट होईल. पुट्टीला धरायला जागा मिळते आणि ती भिंतीच्या पातळीला बसते.

भुकटी ब्रशने झाडून काढा. भिंत सिमेंटची असेल तर भोक ओलसर करा, पाणी गळेल इतकं नाही. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी शोषतो आणि पुट्टी सुटी राहते. पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी घट्ट कालवा, लागेल तेवढीच, कारण ती डब्यात थांबत नाही. आत जिप्सम निघालं होतं का? मग पीओपी किंवा तयार अॅक्रिलिक पुट्टी घ्या. टूथपेस्ट, साबण, खडू यातलं काही नाही. टूथपेस्ट वाळली की आक्रसते आणि वर रंग नीट बसत नाही. प्लंबरची एपॉक्सीही नको. ती भिंतीपेक्षा कडक होते, घासायला गेलं की आजूबाजूची भिंत झिजते आणि ती तशीच राहते.

भरायचं दोनदा. पहिल्यांदा आतपर्यंत दाबून, पण पृष्ठभागाच्या दोन मिलिमीटर खाली थांबायचं. पूर्ण वाळू द्या. पुट्टी आकसते, म्हणून एकाच थरात सपाट केलेलं भोक दुसऱ्या दिवशी खळगा होऊन बसतं. दुसरा थर भिंतीपेक्षा किंचित वर ठेवून पत्रीने ओढा. जुलै-ऑगस्टमध्ये घर सोडत असाल तर या वाळण्याला दुप्पट वेळ धरा. पंख्याखाली वरून कोरडी दिसणारी पुट्टी आत ओली असते आणि तिच्यावरचा रंग फुगतो.

घासताना पॉलिश पेपर बोटाला गुंडाळू नका. बोटाने मधेच खड्डा पडतो. लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, आधी १८० नंबर, मग ३२०. झालं असं वाटलं की खोलीतले दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारी जागा या उजेडात सगळं सांगून टाकते. सावली पडते तोवर घासा.

त्यानंतर प्रायमर. हा टाळला की कोरी पुट्टी रंग पिते आणि तिथे मंद, कोरडा डाग दिसतो. रंग अगदी बरोबर जुळला असला तरी दिसतो. लोक मग शेड चुकली म्हणून दुकानदाराशी भांडतात.

रंग जुळवणं

ओल्या फडक्याने भिंत चोळा. फडक्याला पांढरं लागलं तर डिस्टेंपर, नाही तर प्लास्टिक पेंट. डिस्टेंपरवर डिस्टेंपरच लावा. त्यावर प्लास्टिक पेंटचा ठिपका वेगळा चमकतो.

शेड नंबर मालकाच्या रंगाऱ्याकडून मिळाला तरी हुरळून जाऊ नका. डब्यातला रंग नवा आहे, भिंतीवरचा उन्हात आणि उदबत्तीच्या धुरात काही वर्षं काढलेला आहे. नमुना हवा तो आजच्या भिंतीचा. स्विचबोर्डच्या पट्टीमागून खपली काढा असा सल्ला फिरतो, तो इथे चुकतो. तिथला रंग उजेड न लागल्याने मूळचाच राहिलेला असतो. भोकाच्या कडेची, एरवीही कापायचीच असलेली, पाच रुपयांच्या नाण्याएवढी खपली काढा आणि रंगाच्या दुकानात मशीनवर जुळवून घ्या. म्हणजे हे काम बुजवायच्या आधी करायचं, हे ओघाने आलंच. स्वयंपाकघरातली भिंत असेल तर खपली काढण्यापूर्वी साबणाने धुवा, नाहीतर तेलाच्या थराचा रंग जुळवून आणाल. आणि पांढरा सोपा असेल असं समजू नका. सगळ्यात फसवा पांढराच, प्रत्येक कंपनीचे अनेक पांढरे असतात.

आणलेला रंग आधी पुठ्ठ्यावर लावा, वाळू द्या, मग भिंतीला धरून बघा. ओल्या रंगावरून निर्णय नाही. लावायला चार इंची रोलर घ्या. भिंत रोलरने रंगवलेली असते, तिचा पोत बारीक दाणेदार असतो, ब्रशचे फटकारे त्यात उठून दिसतात. कडेला रोलर जवळजवळ कोरडा करून पसरवत न्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहून बघा. तिथून दिसलं तर डागडुजी करत बसू नका. ती एक भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रंगवून टाका. कोपऱ्याच्या दोन बाजूंवर उजेड वेगळा पडतो, त्यामुळे छटेतला थोडा फरक तिथे लपतो. मधेच थांबलात तर लपत नाही. एक लिटर रंग साधारण एका भिंतीला पुरतो.

पण हा सगळा खटाटोप करण्यापूर्वी करार पुन्हा वाचा. घर सोडताना रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातील असं त्यात लिहिलं असेल तर भोकं भरा, घासा, प्रायमर लावा आणि थांबा. रंगाचे पैसे ते घेणारच आहेत, मग रंग तुम्ही का लावायचा? फक्त ‘भोकं बुजवली आहेत, रंगकाम करारानुसार आपल्याकडे’ असा मेसेज आधी टाकून ठेवा.

किल्ली देताना

खोक्यातले जुने नळ आणि शॉवर दोन दिवस आधी लावा, म्हणजे गळत असतील तर कळेल. मालकाला दिवसाउजेडी बोलवा, रिकाम्या घरात. पहिल्या दिवशी काढलेला व्हिडिओ फोनमध्ये उघडून ठेवा, पण त्याने विचारल्याशिवाय दाखवू नका. आपण होऊन भोकं मोजून दाखवायचीही गरज नाही. विचारलं तर खरं सांगायचं. तुम्ही लावलेला चांगला शॉवर किंवा पडद्याचे रॉड त्याला आवडले तर किंमत तिथेच ठरवा आणि डिपॉझिटसोबत घ्या. डिपॉझिट ‘पुढच्या आठवड्यात टाकतो’ म्हणाला तर किल्लीही पुढच्या आठवड्यात द्या. मात्र कराराची तारीख उलटू देऊ नका, त्या कलम २४ साठी. म्हणून हा सगळा कार्यक्रम मुदतीच्या दहा-बारा दिवस आधी लावायचा.