घरचं माणूस अल्झायमरच्या अभ्यासात भाग घेणार असेल तर

मी समन्वयक आहे, अल्झायमरच्या अशा एका अभ्यासात जिथे आधी रक्त तपासतात आणि मग टीएमएस, म्हणजे चुंबकाने मेंदूला उत्तेजना देतात. रक्त काढणं, नोंदी ठेवणं आणि खुर्चीजवळ बसणं ही माझी कामं. संमतीपत्र हातात धरून बसलेल्या मुला-सुनांना मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

रक्तात नेमकं काय मोजणार, ते आधी विचारा. पी-टाउ २१७ हे रक्तात मोजता येणारं एक प्रथिन. ते वाढलेलं असेल तर मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, साचलं असण्याची शक्यता मोठी. एनएफएल हे चेतातंतूंतलं प्रथिन वाढलं तर चेतातंतूंना इजा होते आहे एवढंच कळतं, कुठल्या आजाराने ते कळत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पी-टाउ २१७ आणि अमायलॉइड यांच्या गुणोत्तरावरची पहिली रक्ततपासणी मान्य केली. तीही ५५ किंवा त्याहून जास्त वयाच्या, लक्षणं दिसणाऱ्या माणसांसाठी. ४९९ नमुन्यांवर ती पारखली तेव्हा पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के जणांत मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमध्ये किंवा पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातही अमायलॉइड सापडलं. काहींचा निकाल मात्र ना इकडचा ना तिकडचा. तुमच्या माणसाचा तसा आला तर ती कुणाची चूक नाही, पुढची तपासणी करायची.

मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर तो न विचारता सांगा. त्याने पी-टाउचा आकडा वर जातो आणि नसलेला आजार दिसू शकतो. वजन खूप कमी-जास्त झालं असेल तर तेही सांगा.

नमुन्याचं बोलायचं तर, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. मी ती आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करते, कधीही झटकत नाही, कारण तांबड्या पेशी फुटतात. अमायलॉइड हे चिकट प्रथिन, नळीच्या भिंतीलाही धरून बसतं. नळी तशीच पडून राहिली तर आकडा उतरतो. सुरुवातीच्या दिवसांत एक नळी माझ्या हातून टेबलावर राहून गेली आणि एका आजोबांना दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली. त्यांनी चकार शब्द काढला नाही, मला मात्र आजही ते लागतं. म्हणून सांगते, रक्त दिल्यावर ‘आता हे लगेच यंत्रात फिरवायला जाणार ना?’ असं बेधडक विचारा.

आता टीएमएस. पेसमेकर, कानात बसवलेलं इम्प्लांट, डोक्यात ऑपरेशनने बसवलेली क्लिप किंवा धातूचा तुकडा, कधीकाळी आलेली फिट, चालू असलेली प्रत्येक गोळी, सगळं कागदावर लिहून आणा. आदल्या रात्री झोप झाली नसेल तर त्या दिवशी सत्र नको म्हणा. अपुऱ्या झोपेने फिटचा धोका वाढतो. डोक्याजवळ धरायची चुंबकाची कॉइल टक्‌टक्‌ वाजते, म्हणून कानात बोळे घालतात. आधी ताकद ठरवायला हाताची हालचाल सांभाळणाऱ्या भागावर एकेक ठोका देतात. त्या वेळी एका काकूंचा अंगठा आपोआप उडाला. त्या दचकल्या, ‘माझं बोट कोण ओढतंय?’ घरी आधीच हे सांगून ठेवलंत तर तेवढी भीती वाचते.

तुलनेसाठी निम्म्या लोकांना खोटी, म्हणजे उत्तेजना न देणारी कॉइल मिळू शकते. तीही वाजते. हे मान्य नसेल तर सही करू नका. अभ्यास संपल्यावर खरी उत्तेजना मिळेल का, आणि रक्ताचा निकाल आम्हाला सांगणार का, हे दोन प्रश्न सहीच्या आधीचे.

सगळ्यात जास्त गैरसमज एकाच ठिकाणी होतो. घरच्यांना वाटतं, टीएमएसने रक्तातला आकडा खाली येईल. रक्त आजाराची ओळख पटवतं. टीएमएस चेतापेशींच्या जोडणीवर काम करतं आणि त्याने माणसाच्या मेंदूतलं अमायलॉइड धुतलं जातं हे सिद्ध झालेलं नाही. २०२२ मध्ये रोमच्या संशोधकांनी ५० रुग्णांवर २४ आठवडे मेंदूतल्या प्रिक्यूनिअस या भागाला उत्तेजना देऊन पाहिली. त्यांचं मुख्य माप होतं रोजचं जगणं: स्मरण, निर्णय, घरकाम, स्वतःची काळजी. खरी कॉइल मिळालेले बऱ्यापैकी टिकून राहिले, खोटी मिळालेले घसरले. मला यात आशा दिसते. पण ५० म्हणजे थोडीच माणसं.

तेव्हा पहिल्या दिवसापासून एक वही करा. ‘आज बरं वाटलं’ असं लिहू नका. शर्टाची बटणं स्वतः लावली का, नातीचं नाव कितव्यांदा आठवलं, नळ बंद केला का, असं लिहा, तारखेसकट. दर भेटीला ती वही माझ्यासमोर उघडा. मी सगळी वाचते.