मोठ्या खेळाडूच्या हाताखाली जाण्याआधी त्याची मधली वर्षं मोजा

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या टीमबरोबर काम करायचंय, सुरुवात कशी करू, असं विचारणारी मुलं-मुली मला दरवर्षी भेटतात. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं, एक-दोघं सांगलीकडची. इंटर-युनिव्हर्सिटीपर्यंत खेळलेली, उंचीत नाहीतर कशात तरी कमी पडलेली, आणि आता स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्सला निघालेली. त्यांचा दुसरा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: 'अमुक कॉलेजचा हेड कोच एनबीए गाजवून आलाय. तिथेच प्रयत्न करू ना?'

मी तेच केलं होतं. काय झालं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही ठरवा.

२०१८च्या ऑगस्टमध्ये मी पोचलो. ज्यांच्या जुन्या मॅचेस होस्टेलवर रात्र-रात्र जागून बघितल्या होत्या, तेच आता आमचे हेड कोच. नाव सांगत नाही, पुढचं वाचलंत की कारण कळेल. मला स्टुडंट मॅनेजर म्हणून घेतलं. मॅनेजर या शब्दावर जाऊ नका. बाबांनी सोसायटीभर 'पोरगा टीमचा मॅनेजर झाला' म्हणून सांगितलं, आणि मी इकडे टॉवेल धुवून घड्या घालत होतो. प्रॅक्टिसआधी बॉलमधली हवा बघायची, कुणी पडलं की कोर्टवरचा घाम पुसायला पळायचं, शूटिंग करणाऱ्याला बॉल परत देत राहायचा, हात भरून येईपर्यंत. दुसऱ्या महिन्यात व्हिडिओच्या खोलीत एक माणूस कमी पडला आणि मला सिनर्जी या व्हिडिओ सॉफ्टवेअरवर क्लिपा कापायला बसवलं. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

पिक अँड रोल तुम्ही खेळला असालच. बॉलवाला स्क्रीनवरून, म्हणजे वाट अडवून उभ्या राहिलेल्या साथीदाराला घासून, वळतो; स्क्रीन लावणारा उंच गडी बास्केटकडे धावतो. त्याला अडवायला पलीकडच्या बाजूचा एक डिफेंडर आत सरकतो; त्याला 'लो मॅन' म्हणतात. तो आत आला की त्याने सोडलेला कोपऱ्यातला शूटर मोकळा. म्हणजे बॉलवाल्याची नजर त्या लो मॅनवर हवी. आमचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारा गडी, दुसऱ्या वर्षाला होता, कष्टाळू पोरगा, पण कोपऱ्यातला पास त्याच्याकडून नेहमी उशिरा जायचा.

कोच प्रॅक्टिस थांबवायचे. "कॉर्नर मोकळा होता!"

"कधी, कोच?"

"कधी म्हणजे? दिसत होतं की!"

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा कोचनी स्वतः बॉल घेतला. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याची ऑपरेशनं झालेली, पण मान न वळवता बॉल असा कोपऱ्यात टाकला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. "असं," म्हणाले आणि बॉल त्याच्या हातात दिला. पोराने तो घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठे काय कळलं होतं!

त्या रात्री मी कोचच्या जुन्या मॅचेसमधून चौदा क्लिपा काढल्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बसलो. लो मॅन आत सरकायच्या आधीच कोचच्या हातून बॉल सुटलेला असायचा. चौदाच्या चौदा वेळा. मग ते बघत काय होते? बऱ्याच वेळाने लक्षात आलं. लो मॅनच्या पुढच्या पायाचा चवडा बास्केटकडे वळला की पास निघायचा. तो माणूस हलण्याआधी त्याचा पाय चहाडी करायचा. सकाळी लॅपटॉप घेऊन गेलो. कोचनी दोन क्लिपा बघितल्या, तिसरी पुन्हा लावायला सांगितली आणि मोठ्याने हसले. "अरेच्चा, मी पाय बघत होतो होय!"

आयुष्यभर ते पाय बघत आले होते आणि त्यांना ते ठाऊकच नव्हतं. ठाऊक असायची गरजही कधी पडली नव्हती. पण आमच्या पॉइंट गार्डला ती गरज होती, आणि त्याला 'दिसत होतं की' एवढंच मिळत होतं.

हे मी फोनवर बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणून तर आचरेकर सर." प्रथम श्रेणीची एकच मॅच खेळलेल्या माणसाने सचिन घडवला, हे आपल्याकडे पोराटोरांना पाठ असतं. अमेरिकेतही ही यादी तयार आहे. नॉर्थ कॅरोलायनाला १९८२ आणि १९९३ मध्ये चॅम्पियन करणारे कोच डीन स्मिथ स्वतः १९५२च्या चॅम्पियन कॅन्सस टीममध्ये बेंचवर असायचे. कोच म्हणून गाजलेले बॉब नाइटही ओहायो स्टेटच्या १९६०च्या चॅम्पियन टीममधले राखीव गडी.

आणि उलटी यादी तर विचारूच नका. एनबीएचा स्टार क्लाइड ड्रेक्सलर १९९८ मध्ये आपल्याच ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत कोच म्हणून परतला; दोन सीझनमध्ये १९ विजय, ३९ पराभव, आणि राजीनामा. ख्रिस मलिन सेंट जॉन्सचं दैवत, १९९२च्या ऑलिंपिकमधल्या अमेरिकेच्या 'ड्रीम टीम'मधला; तिथेच कोच म्हणून २०१५ ते २०१९ या चार वर्षांत ५९ विजय, ७३ पराभव. खेळाडू म्हणून जॉर्जटाउनला १९८४ मध्ये चॅम्पियन करणारा पॅट्रिक ईविंग २०१७ मध्ये तिथेच कोच झाला. २०२१ मध्ये त्याच्या टीमने कॉलेजांच्या बिग ईस्ट गटाची टूर्नामेंट जिंकली, आणि पुढच्याच सीझनला बिग ईस्टमधल्या १९ मॅचेसपैकी एकही नाही. २०२३ मध्ये त्याला काढलं.

तरी लोक अशा माणसांना का आणतात? कारण नेमणुकीच्या दिवशी सगळे खूश असतात. देणगी देणारे जुने विद्यार्थी, तिकीटवाले, टीव्हीवाले. गंमत मी जवळून बघितली. एक मुलगा आईवडिलांबरोबर कॅम्पस बघायला आला होता. वडील कोचना बघून अक्षरशः लाजले, शेजारी उभं राहून तीन वेळा फोटो काढून घेतला. मुलगा सतरा वर्षांचा. तो फोनमध्ये बघत होता. आमचे कोच खेळायचे थांबले तेव्हा त्याचा जन्मही झाला नव्हता. त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं, की पहिल्या वर्षी मला किती मिनिटं खेळायला मिळतील. तो दुसरीकडे गेला. वडिलांनी फोटो मात्र फ्रेम करून लावला असणार.

पण 'स्टार म्हणजे वाईट कोच' हे समीकरण मला पटत नाही. जॉन वुडन हे पर्ड्यूचे तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत, निवडलेले खेळाडू. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए युनिव्हर्सिटीत कोच म्हणून १९६४ ते १९७५ या काळात त्यांनी १० वेळा चॅम्पियनशिप जिंकली. आणि महिला बास्केटबॉलमधल्या डॉन स्टेलीबद्दल काय बोलणार? खेळाडू म्हणून ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं, आणि कोच म्हणून साउथ कॅरोलायनाला २०१७, २०२२, २०२४ अशा तीन चॅम्पियनशिप्स. २०२४ची तर ३८-० अशी, एकही मॅच न हरता.

मग फरक कशात? मी माझ्यापुरतं एक माप काढलं आहे. त्याला मी 'मधली वर्षं' म्हणतो. खेळणं थांबलं त्या दिवसापासून ते मोठ्या कॉलेजचा हेड कोच होईपर्यंत माणसाने काय केलं? वुडन अकरा वर्षं हायस्कूलमध्ये कोच होते, इंग्रजी शिकवायचे. यूसीएलएला ते १९४८ मध्ये आले आणि पहिली चॅम्पियनशिप १९६४ची. सीझनच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना मोजे घालायला शिकवायचे, सुरकुती राहू नये, फोड येऊ नये म्हणून. स्वतःच्या पायात मोजे कसे बसतात हे ज्याने थांबून बघितलंय, तोच हे शिकवू शकतो. एनबीए गाजवलेला पेनी हार्डवे मेम्फिस युनिव्हर्सिटीचा कोच होण्याआधी तिथल्याच एका शाळेत आजारी मित्राच्या मदतीला गेला आणि मग हायस्कूलला तीन वेळा राज्य विजेतेपद मिळवून दिलं. मलिनने मध्ये एनबीएच्या ऑफिसात काम केलं. मुलांना शिकवलं नव्हतं. ईविंग सुमारे पंधरा वर्षं असिस्टंट होता, पण एनबीएत, म्हणजे तयार झालेल्या माणसांबरोबर. अठरा वर्षांच्या मुलाला आधी बोलावून आणायचं आणि मग टिकवून ठेवायचं, हे काम तिथे नसतंच.

हर्ली भावांकडे बघा. वडील जर्सी सिटीतले हायस्कूल कोच, हॉल ऑफ फेममधले. मोठा बॉबी ड्यूकचा पॉइंट गार्ड, १९९१ आणि १९९२ असा दोनदा चॅम्पियन, कॉलेजमध्ये १,०७६ असिस्ट्स (बास्केट करून देणारे पास), तेव्हाचा विक्रम. धाकटा डॅन सीटन हॉलला खेळला आणि भावाच्या सावलीत कोमेजला. डॅनने नेवार्कमधल्या एका हायस्कूलमध्ये नऊ वर्षं काढली, मग वॅगनर, मग रोड आयलंड या कॉलेजांत कोच. बॉबी सुरुवातीला या दोन्ही ठिकाणी त्याचाच असिस्टंट होता. २०२३ आणि २०२४ला सलग चॅम्पियन झाली ती डॅनची यूकॉन, म्हणजे कनेक्टिकट युनिव्हर्सिटी.

माझं माप काही सोन्याचा काटा नाही, हेही कबूल करतो. स्टेलीला मधली वर्षं नव्हतीच. २००० मध्ये तिने टेंपल युनिव्हर्सिटीची टीम घेतली तेव्हा ती स्वतः डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळत होती, आणि साउथ कॅरोलायनातला पहिला सीझन १०-१८ असा गेला. तिने ती वर्षं हेड कोचच्या खुर्चीवर बसूनच भोगली म्हणा. उलट डॅनी मॅनिंग, १९८८चा कॅन्ससचा हिरो, २००३ मध्ये आपल्याच कॉलेजात अगदी खालच्या पदावर परतला, पायऱ्या चढत गेला, आणि तरी वेक फॉरेस्टमध्ये सहा वर्षांत ७८ विजय, १११ पराभव. तरीही मला विचाराल तर मॅनिंगसारख्याकडे जा. तुमचा प्रश्न तो जिंकेल का हा नाही, तुम्ही तिथे काय शिकाल हा आहे. ज्याने स्वतः खालचं काम केलंय त्याला तुमचं काम दिसतं.

आमच्याकडे २०१९चा मार्च आला आणि कोचना काढलं. सोमवारी बातमी, बुधवारी आम्ही चार-पाच जण व्हिडिओच्या खोलीत थंड पिझ्झा खात मॅच बघत होतो: मलिनचं सेंट जॉन्स विरुद्ध बॉबी हर्लीचं अॅरिझोना स्टेट. दोन जुने स्टार, दोन्ही बाजूंना. हर्लीची टीम ७४-६५ जिंकली, आणि महिन्याच्या आत मलिनही गेला. कुणी काही बोलत नव्हतं.

नव्या मुलांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मी ओरडून सांगतो: हेड कोच गेला की त्याची माणसंही जातात. नवा कोच आपली माणसं घेऊन येतो. मला दुसऱ्या वर्षी ग्रॅज्युएट असिस्टंट करायचं ठरलं होतं, म्हणजे फी माफ आणि थोडा पगार. कागदावर काहीच नव्हतं. 'कोच म्हणाले होते' याला ऑफिसात काडीची किंमत नव्हती. तीन आठवडे झोप नाही. घरी सांगितलं नाही, कर्जाचा हप्ता बाबांच्या नावावर. शेवटी नव्या कोचनी मला ठेवलं ते एकाच कारणाने. आधीची फिल्म कुठल्या फोल्डरमध्ये कुठल्या नावाने ठेवली आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा फाइलींना नावं नीट द्या. चेष्टा नाही.

नवे कोच कधी कुठे गाजले नव्हते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोर्टवर निळी टेप चिकटवली, लो मॅनच्या पायाच्या जागी. बॉलवाल्याने स्क्रीनवरून वळता वळता तो पाय कुठे वळला ते मोठ्याने ओरडायचं, 'आत' नाहीतर 'बाहेर'. पास द्यायचाच नाही. दोन दिवस नुसतं ओरडणं. तिसऱ्या दिवशी बॉल हातात दिला. आमचा तो पॉइंट गार्ड आता तिसऱ्या वर्षाला होता. त्याने पास वेळेवर दिला आणि स्वतःच दचकला.

पण जुन्या कोचचंही एक सांगायला हवं. एका मॅचमध्ये याच पोराने शेवटच्या चार सेकंदांत दोन्ही फ्री थ्रो घालवले. परतीच्या बसमध्ये कोच पुढची सीट सोडून मागे त्याच्या शेजारी जाऊन बसले, आणि टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलेला आपला एक हुकलेला शॉट त्याला सांगत राहिले. कुठल्या बाजूला कोण उभं होतं, नंतर हॉटेलवर काय खाल्लं, सगळं. नव्या कोचकडे टेप होती, ही गोष्ट नव्हती.

आता कामाचं. ईमेल हेड कोचला पाठवू नका, तो वाचत नाही. डायरेक्टर ऑफ बास्केटबॉल ऑपरेशन्सला पाठवा, आणि एप्रिल-मेमध्येच. सोबत बायोडेटापेक्षा तुम्ही कापलेल्या पाच मिनिटांच्या क्लिपा जोडा, त्यांच्याच टीमच्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि मॅनेजरचं काम २० तासांत कधीच मावत नाही. बिनपगारी असलं तरी आधी इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. जे काही कबूल होईल ते लेखी घ्या. जुन्या मॅनेजरांना शोधून विचारा, इथून तुम्ही पुढे कुठे गेलात? आणि हेड कोच स्टार असेल तर त्याच्या पहिल्या असिस्टंटची माहिती काढा. बऱ्याच ठिकाणी खरी शाळा तोच चालवत असतो.

मी सध्या एका छोट्या कॉलेजात व्हिडिओचं काम बघतो. गेल्या हिवाळ्यात जुन्या कोचचा मेसेज आला. ते आता हायस्कूलच्या मुलांना शिकवतात. त्या पायाच्या क्लिपा अजून आहेत का, विचारत होते. फोल्डर उघडायला एक मिनिट लागलं. चौदाही पाठवल्या.